कोकणातल्या वाडीत घर करताय? सातबाऱ्याबरोबर गावही वाचा

कोकणात जागा कशी घ्यावी हे सांगणारे लेख आणि व्हिडिओ भरपूर आहेत. ज्या वाडीत तुम्ही घर बांधणार, तिथली माणसं तुमच्या येण्यानं का बिचकतात, हे मात्र त्यांत सहसा नसतं. आम्ही ठाण्याहून राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत कायमचे राहायला आलो. त्या सगळ्यातून जाताना, आणि आमच्यानंतर आलेल्या काही कुटुंबांना मदत करताना जे कळलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गावाला माणसं नको आहेत असं नाही. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर सोडलं तर महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे दोनच होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. निम्मी घरं कुलूपबंद आणि शाळेत जेमतेम पट, असं चित्र अनेक वाड्यांत दिसेल. अशा ठिकाणी राहायला येणारं कुटुंब हवंच असतं. लोकांना धास्ती आहे ती ठरावीक गोष्टींची: वाट अडेल, विहीर आटेल, डोंगर पोखरला जाईल, बंगला वर्षभर बंद राहील, आणि गुंठ्याचा भाव इतका चढेल की वाडीतल्याच मुलाला घराला जागा उरणार नाही. यातलं बरंचसं टाळणं तुमच्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात जमीन घेण्याआधी होते.

१. आधी भाड्यानं राहा, आणि मे महिना बघा

एजंट जागा दाखवतात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा सगळं हिरवं असतं, पऱ्ये (ओढे) वाहत असतात, विहिरी काठोकाठ असतात. त्या दिवसांत सौदा करू नका. वाडीत बंद घरं असतात आणि त्यांचे मालक मुंबईत. घरात दिवाबत्ती होते आहे, कौलं शाकारली जात आहेत, एवढ्यावर कमी भाड्यात घर द्यायला ते अनेकदा तयार होतात. लेखी करार मात्र करा.

निदान एक मे आणि एक जुलै तिथे काढा. मे महिन्यात पाण्याची खरी परिस्थिती कळते. जुलैत चार-चार दिवस वीज नसणं, भिंतींना येणारी ओल, खचलेला रस्ता हे कळतं. तोवर वाडीलाही तुमची ओळख झालेली असते. पुढच्या प्रत्येक पायरीला या ओळखीचा उपयोग होतो.

२. कागद जमवा

ही यादी घेऊन तहसील कार्यालय, भूमी अभिलेख आणि तलाठ्याकडे जा (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असं झालं आहे):

- सातबारा आणि ८अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा). डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो.
- सातबाऱ्यावर उल्लेख असलेले सगळे फेरफार (मालकी आणि हक्क बदलल्याच्या नोंदी), जितके मागे जाता येतील तितके.
- गट नकाशा आणि संपूर्ण गावाचा नकाशा.
- मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा). जुनी असली तरी हद्द कायम मोजणी नव्यानं करून घ्या.
- झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा).
- तुमच्या नावावर किंवा घरात शेतजमीन असल्यास शेतकरी असल्याचा पुरावा.
- सर्व सहहिस्सेदारांची संमती, वारस नोंदींसह.

आता सापळे. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजंटाला तिथेच नमस्कार करा. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. जमीन कूळहक्कानं मिळालेली असेल तर ती विकण्यावर कलम ४३ च्या अटी असतात, त्या तपासा. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला मनाई करणारा तुकडेबंदी कायदाही आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी हे किमान (प्रमाणभूत) क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं, आणि त्यात बदल होत राहतात, म्हणून सौद्याच्या वेळी चालू नियम तहसीलदार कार्यालयातच विचारा. पाच-पाच गुंठ्यांचे ‘प्लॉट’ दाखवणारी रंगीत पत्रकं या कायद्यापुढे टिकतीलच असं नाही.

सगळ्यांत जास्त कडवटपणा येतो तो सामाईक जमिनीमुळे. कोकणातल्या एका गटावर तीस-तीस नावं असतात: काका, चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. मुंबईतला एक भाऊ परस्पर सौदा करतो आणि तीच जमीन कसणाऱ्या भावाला ते कळतं जेसीबी दारात आल्यावर. अशा जमिनीवर पाऊल टाकलंत तर त्या घराशी, आणि त्या घरामुळे अर्ध्या वाडीशी, तुमचं वाकडं सुरू होतं. यात दोष तुमचा नसला तरी राहायचं तुम्हाला तिथेच असतं. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या माणसाच्या घरी जा. ‘ही जागा आम्ही घेतोय, तुमचं काही म्हणणं आहे का?’ असं सरळ विचारा. त्याचं मन नसेल तर कागद कितीही चोख असले तरी ती जागा सोडा.

३. तुमच्या जमिनीवरून काय काय जातं ते विचारा

या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. सातबाऱ्यावर क्षेत्र, पीक आणि मालक असतात. त्या जमिनीवरून रोज कोण चालतं, हे त्यावर नसतं. गावनकाशावर गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, पण वाडीतल्या निम्म्या वाटा नकाशातही सापडत नाहीत. जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी (पायऱ्यांची वाट), विहिरीकडे जाणारी पायवाट, गुरं सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) नेण्याची वाट यांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं चालत आलेली असतात. कोणी कधी नोंद केलेली नसते, कारण कोणी कधी अडवलेलं नसतं.

वाडीतल्या एखाद्या जाणत्या आजोबांना किंवा काकूंना विनंती करा आणि त्यांच्याबरोबर जागेच्या चारी कडा चाला. चालताना विचारा:

- इथून विहिरीवर, शेतात, शाळेत कोण जातं?
- गुरं कुठून चढतात, कुठून उतरतात?
- स्मशानाची वाट कोणती?
- शिमग्यात पालखी कुठून येते?
- पावसाचं पाणी कुठून वाहतं? पाट कोणाच्या मळ्यात जातो?
- इथे राखणदाराचं किंवा आणखी कोणत्या देवाचं ठिकाण आहे का?
- या वरकसातलं (डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतलं) गवत कोण कापतं? काजूच्या बिया, पातेरा (वाळका पाला), लाकूडफाटा कोण नेतं?

शेवटचा प्रश्न शहरातून आलेल्यांना सहसा सुचत नाही. पडीक दिसणारी वरकस जमीन कोणाच्या तरी गोठ्याचा वर्षाचा चारा असते. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, फोडशी या रानभाज्या काढायला बायका तिथेच जातात. तुम्ही चारही बाजूंनी तारेची जाळी मारलीत की त्या दिवशी हे सगळं एकदम थांबतं.

जे जातं त्याला जाऊ द्या. वाटेच्या ठिकाणी कुंपणात रुंद फाटक ठेवा, त्याला कुलूप घालू नका, आणि खरेदीखताच्या नकाशात ती वाट आखून दाखवा. असं केल्यानं तुमची मालकी कमी होत नाही, पुढचा वाद मात्र टळतो. कायदाही बहुधा वाट वापरणाऱ्याच्या बाजूचा असतो. २० वर्षं अखंड आणि उघडपणे वापरलेल्या वाटेवर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे हक्क तयार होतो, आणि वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावता येतो. ‘इथून आमची वाट आहे’ असं कोणी सांगायला आलं तर त्याला धमकी समजू नका. तो माणूस कोर्टात न जाता तुमच्याशी बोलायला आला आहे.

४. पाण्याचा हिशेब आधी मांडा

इथे तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. जांभा सच्छिद्र असतो. पाणी भराभर मुरतं आणि तितक्याच भराभर झऱ्यांवाटे, पऱ्यांवाटे समुद्राकडे निघून जातं. वाडीची विहीर उन्हाळ्यात हंड्या-हंड्यानं भरते. वरच्या अंगाला कोणी खोल बोअर मारून दिवसभर पंप चालवला तर खालच्या विहिरीवर परिणाम होईल ही लोकांची भीती अनुभवातून आलेली आहे.

महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवरही निर्बंध आहेत. बोअरच्या गाडीवाल्याला हे माहीत असतं, तरी तो सांगेलच असं नाही. परवानगीचं तुम्हीच बघा.

त्यापेक्षा छपराचं पाणी धरा. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशेबानं तीन लाख लिटर. त्यातलं थोडंच टाकीत मावेल, पण पंधरा-वीस हजार लिटरची टाकी बांधलीत तर दोघांच्या कुटुंबाचं पिण्या-स्वयंपाकाचं पाणी उन्हाळ्यात निभावतं. उरलेलं गाळून आपल्या विहिरीत सोडा. हिरवळ आणि पोहण्याचा तलाव यांचा विचार सोडून द्या. मेमध्ये शेजारीण डोक्यावर हंडा घेऊन जात असताना तुमच्या अंगणात फवारे उडत असतील, तर बाकी काहीही चांगलं केलंत तरी लोक ते विसरणार नाहीत, आणि त्यांनी विसरावं असं मला वाटतही नाही.

शोषखड्ड्याबाबत जास्तच जपा. जांभ्यातून सांडपाणीही पाण्याइतकंच झपाट्यानं मुरतं. विहिरीपासून पन्नास फुटांचं अंतर हे अगदी किमान समजा, आणि विहीर उताराच्या खाली असेल तर खड्ड्याची जागाच बदला. जागा ठरवताना शेजाऱ्यांना बोलावून दाखवा.

पाऊस संपला की अनेक गावांत श्रमदानानं पऱ्यावर दगड-मातीचे किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून कच्चे बंधारे घालतात. त्या दिवशी घमेलं घेऊन जा. पैसे देऊन मोकळं होऊ नका.

५. बांधकाम: डोंगर, सडा, झाडं

गावठाणाबाहेर बांधायचं असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला एकटा पुरत नाही. अकृषिक वापर आणि बांधकाम मंजुरीचं तहसील आणि नगररचना कार्यालयात विचारा. किनाऱ्यालगत सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) नियम वेगळे लागतात. माती-मुरूम काढायला गौण खनिजाची परवानगी लागते. आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, म्हणजे स्वतःच्या जमिनीतलं झाडसुद्धा विचारल्याशिवाय तोडता येत नाही.

सड्यावर जागा घेणार असाल तर थांबून नीट बघा. वरून ओसाड दिसणारा कातळ पावसाळ्यात पाणी धरतो, त्यावर रानफुलं येतात, गुरं चरतात, आणि खालच्या वाडीचे झरे त्यावरच चालतात. रत्नागिरी-राजापूर भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्यांचा समावेश झाला. जेसीबी आणण्याआधी कातळ झाडून बघा आणि गुराख्यांना विचारा. कोरीव रेषा सापडल्या तर काम थांबवून तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

उतारावर सपाटी करताना पऱ्या बुजवू नका. वरून सुटलेली माती पहिल्याच पावसात खालच्या भातखाचरात जाऊन बसते, आणि ते खाचर ज्याचं, त्याचं त्या वर्षीचं पीक गेलं. कुंपणाला जमेल तिथे जांभ्याच्या सुट्या दगडांचा गडगा घाला. गडगा रचणारे गवंडी वाडीत मिळतात. त्यातून पाणी वाहतं, बारीकसारीक जनावरं ये-जा करतात, आणि पैसा गावात राहतो.

६. गावाचं वर्ष समजून घ्या

शहरातून आलेली माणसं आणि गाव यांचं पहिलं भांडण बहुधा धुरावरून होतं. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी तरव्याच्या (रोपवाटिकेच्या) जागेवर शेण, कवळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), पातेरा आणि गवत यांचे थर रचून जाळतात. यालाच भाजावळ म्हणतात. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप चांगलं येतं अशी त्यामागची समज आहे. दम्याचा त्रास असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. वारा बघून, दिवस कळवून ते करतात, हा आमचा अनुभव आहे. थेट पोलिसांना फोन करू नका. वणव्याची गोष्ट निराळी. फेब्रुवारीपासून पुढे आंबा-काजूच्या बागा वणव्यात जळतात. हद्दीवर गवत काढून जाळरेषा घ्या, आणि शेजाऱ्यांची जाळरेषा काढायलाही हात लावा.

पहाटे कोंबडा आरवणार, गुरं हंबरणार, देवळात घंटा वाजणार. फ्रान्समध्ये तर शहरातून आलेल्या शेजाऱ्यांनी कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध खटला भरला होता. २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूनं लागला आणि २०२१ मध्ये ग्रामीण भागातले आवाज आणि वास यांना वारसा मानणारा कायदाच झाला. आपल्याकडे असा कायदा नाही, पण राहायला येताना हे आवाज धरूनच यायचं. भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात. परसातला भाजीपाला वाचवायची जबाबदारी त्या दिवसांत तुमची.

शिमग्याला पालखी घरोघर येते. येणारी पालखी तुमच्या दारी थांबेल का, कधी, ओटी कशी भरायची, हे गुरवांना किंवा मानकऱ्यांना आठ दिवस आधी विचारा. वर्गणी इतर घरं देतात तेवढीच द्या. हौसेनं पाचपट रक्कम देणारे नवे लोक मी पाहिले आहेत. त्यानं शेजाऱ्यांना अवघडल्यासारखं होतं आणि मानपानाचं गणित बिघडतं. नमन, जाखडी (कोकणातले लोकनाट्य-नृत्याचे प्रकार) असेल तर पूर्ण रात्र बसा. चित्रीकरण विचारून करा. देवरहाटीतलं (देवाच्या नावानं राखलेल्या रानातलं) पडलेलं लाकूडही उचलू नका.

गावकीचं सगळंच मुकाट मान्य करा असं मी म्हणत नाही. कोणाला वाळीत टाकलं जात असेल तर तो २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तिथे परंपरेचा मान ठेवत गप्प बसू नये. पण पालखीचा रस्ता आणि माणसाला वाळीत टाकणं यांतला फरक कळण्याइतका काळ आधी गावात काढलेला असावा.

७. ग्रामपंचायत

घर पूर्ण झालं की नमुना ८ ला (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या आणि घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरा. खरंच राहणार असाल तर फॉर्म ८ भरून मतदार यादीतलं नाव गावात आणा. सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होतात, त्यांना जा. पहिलं वर्षभर फक्त ऐका. अर्ज लिहिणं, योजनेचं संकेतस्थळ बघणं, माहिती अधिकारात विचारणा करणं अशी कामं तुम्हाला येत असतील तर विचारल्यावर जरूर करा. मुलं लहान असतील तर गावच्या जिल्हा परिषद शाळेत घालण्याचा विचार मनापासून करा. पट टिकला तर शाळा टिकते.

८. होमस्टे काढणार असाल तर

आधी वाडीत सांगा, मग पाटी लावा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्यानं बंदी आहे, तरी भांडणं त्यावरूनच होतात. पाहुण्यांनी पाणवठ्यावर कपडे बदलणं, दारूच्या बाटल्या पऱ्यात टाकणं, घरात डोकावून फोटो काढणं यांचे नियम लिहून खोलीत लावा आणि मोडल्यास पाहुण्याला परत पाठवा. कचरा उचलायला इथे गाडी येत नाही. प्लॅस्टिक आणि काच साठवून तुम्हालाच तालुक्याला न्यावी लागेल. भाकऱ्या, मासळी, कोकम, आंबे वाडीतूनच विकत घ्या आणि भाव पाडून मागू नका.

९. वाद झालाच तर

हद्दीचा वाद असेल तर दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज करा, खर्च वाटून घ्या. बाकी तक्रार आधी घरी जाऊन, मग वाडीतल्या जाणत्यांसमोर, मग गावच्या तंटामुक्ती समितीकडे न्या. २००७ पासून या समित्या आहेत. काही निष्क्रिय असतात, काही चांगलं काम करतात. वकिलाची नोटीस सगळ्यांत शेवटी. आणि भांडणाचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यानंतर समेट जवळपास अशक्य होतो.

१०. घर बंद ठेवून जाताना

काही महिने बाहेर राहावं लागलं तर घर नुसतं कुलूप लावून सोडू नका. एक किल्ली शेजारी द्या आणि त्या घराला त्याचा मोबदला ठरवून द्या. आवार साफ ठेवायची सोय करा, कारण बंद आवारात रान माजतं, तिथे रानडुकरं दडतात आणि शेजाऱ्यांच्या शेतात शिरतात. काजू-आंबे कोणी काढायचे हे बोलून ठेवा. गवत ज्यांना हवं त्यांना कापू द्या. वाटेवरचं फाटक उघडं आहे ना ते बघा. एप्रिल-मेमध्ये बाहेर असाल आणि टाकीत पाणी असेल, तर ते वाडीनं वापरावं असं किल्ली देतानाच सांगा, म्हणजे कोणाला तुम्हाला फोन करून मागावं लागणार नाही.